हटकायचं कोणी? (ठाणे आणि नवी मुंबईकर, बोला)

घोडबंदरी
सर्व्हिस रोडवरून उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकीवाल्याला तुम्ही शेवटचं कधी थांबवलंत? माजिवड्यापासून गायमुखापर्यंत कुठेही पाच मिनिटं उभे राहा, उलटे येणारे मोजून दमाल. डिलिव्हरीवाली पोरं आहेतच. पण गणवेशातल्या मुलीला मागे बसवून शाळेत सोडायला निघालेले बाबा आहेत, कपाळाला गंध लावलेले साठीचे काका आहेत. कोणी कोणाला काही बोलत नाही. सरळ येणाराच बाजूला होतो, आणि वर चेहराही त्याचाच ओशाळलेला.

रस्ता हे एक उदाहरण झालं. लिफ्टच्या कोपऱ्यातली पिचकारी, रात्री बाराला गच्चीवरचा वाढदिवस, मैदानाच्या कडेला अंधारात ओतलेलं डेब्रिज, यादी तुम्हीच वाढवा. कायदे कमी नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक गाडी चालवल्याबद्दल पहिल्याच वेळी एक ते पाच हजार दंड आहे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर नको, हा नियम २००० सालापासून आहे. तरी जे दिसतं ते दिसतं.

माझं मत: शिस्त पोलिसांमुळे टिकत नव्हती, हटकणाऱ्यांमुळे टिकत होती, आणि हटकणारे संपले. तुम्हाला काय वाटतं? (नुसतं 'पालिका झोपली आहे का' लिहायचं असेल तर त्याचे धागे वेगळे आहेत, तिथे गर्दी करा.)

नौपाडेकर_जुना
अगदी मनातलं बोललात. आमच्या वेळी राम मारुती रोडवरून डबलसीट सायकल हाणली की दुकानदार नावानिशी हाक मारायचा, आणि आपण घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असायची. तलावपाळीवर उनाडक्या करायची सोय नव्हती, दर दहा पावलांवर बाबांच्या ओळखीचं कोणीतरी. आता निम्मा नौपाडा रिडेव्हलपमेंटला गेलाय. शेजारी कोण आलं ते व्हॉट्सॅपच्या डीपीवरून ओळखायचं.

चक्रम
मी हटकलं होतं एकाला. तो गाडी थांबवून शांतपणे म्हणाला, "काका, तुम्हीच चुकीच्या बाजूला उभे आहात." त्याचा आत्मविश्वास बघून मीच रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.

मैत्रेयी_कोलशेत
नौपाडेकरकाका, तुमच्या आठवणी छान आहेत, पण त्या सायकलवरच्या मुलाच्या आहेत. त्याच काळात त्याच ठाण्यात मी मुलगी म्हणून वाढले. आम्हाला हटकणारे काका भरपूर होते. "क्लास आठला सुटतो ना, मग साडेआठ का झाले?" "तो सोबतचा मुलगा कोण?" आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक इसम रोज संध्याकाळी उभा राहून शाळेतल्या मुलींना काहीबाही बोलायचा. वर्षानुवर्षं. तो कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला एकाही काकांनी हटकलं नाही, कारण तो चांगल्या घरातला होता. मुलींनाच पलीकडच्या गल्लीतून यायला सांगितलं.

तेव्हा 'हटकणारे संपले' म्हणताना ते कोणाला हटकत होते, तेही लिहा. आजही येऊरला किंवा उपवनला नुसत्या गप्पा मारत बसलेल्या जोडप्याला हटकायला लगेच चारजण तयार होतात. कचरा टाकणाऱ्या गाडीला हटकायला एकही नाही.

इथेतिथे
शेवटच्या दोन वाक्यांना +१

घणसोलीचा_भूमिपुत्र
वाचतोय आणि हसतोय. ठाणेकर म्हणतात शिस्त आत्ता मोडली. आमची मोडून जमाना झाला.

आमच्या गावात अनोळखी पोरगा दिसला की म्हातारी माणसं एकच विचारायची, "कोनाचा रं तू?" बापाचं नाव सांगितलं की पुढचं बोलणं बापाशी. भांडण, बांध, लग्न, नाखवा-खलाशाचा हिशेब, सगळं गावकीत बसून सुटायचं. १९७० ला सिडको आली, नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी. ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांची जमीन गेली. शेती गेली, मिठागरं गेली, खाडीची मासळी कंपन्यांच्या पाण्याने गेली. दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ ला लोक रस्त्यावर उतरले, पाच माणसं गोळीबारात गेली, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचा मार्ग निघाला. मग पैसा आला. ज्याच्या बापाने आयुष्यात बँक पाहिली नव्हती त्याच्या दारात दोन गाड्या. हळदीला लाखोंचा डीजे. भावाभावांत कोर्टकचेरी. कुटुंब वाढलं तशी जागा पुरेना, मग गरजेपोटी बांधलेली घरं, त्यावर मजले, मजल्यांवर भाडेकरू. आज आमच्या गल्लीत "कोनाचा रं तू" विचारलं तर उत्तर येतं, "एजंटने पाठवलंय."

तुम्ही आमच्या गावठाणाला 'अस्ताव्यस्त' म्हणता. नकाशा काढणाऱ्यांनी सेक्टर आखले आणि गाव मध्ये तसंच सोडलं, हे कोणी लिहीत नाही.

वाशी_सेक्टर_नऊ
भूमिपुत्र, दुखरी नस आहे खरी. पण गावकीचं एवढं कौतुक नको. गावकीनेच लोकांना वाळीत टाकलंय. रायगडात अशा प्रकरणांची रांग लागली होती. शेवटी राज्याने २०१६ ला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो २०१७ पासून लागू झाला. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. म्हणजे जिथे हटकणारे होते तिथे त्यांच्यापासून वाचवायला कायदा आणावा लागला!

घणसोलीचा_भूमिपुत्र
मान्य. वाळीत टाकणं मी डोळ्यांनी पाहिलंय. माणूस दुकानात गेला तर दुकानदार दुसरीकडे बघायचा, मयताला खांदा द्यायला चार माणसं मिळायची नाहीत. ते परत नकोच. पण ते गेलं त्याच्या जागी काय आलं, एवढंच विचारतोय.

सडेतोड_ठाणेकर
सगळे गोल गोल फिरताय. सरळ बोला ना, बाहेरून लोंढे आले आणि वाट लागली. मूळ ठाणेकर असं वागत नाही.

संपादक
सडेतोड_ठाणेकर, प्रांत, जात, धर्म यावर घसरलात तर प्रतिसाद उडेल. पहिली आणि शेवटची सूचना.

मास्तरीणबाई
उडवू नका, उत्तर द्यायची संधी आहे. हे वाक्य शंभर वर्षांपूर्वी शिकागोत रोज ऐकू यायचं. तेव्हा लोंढे जर्मन, आयरिश, मग इटालियन, पोलिश लोकांचे होते. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोन समाजशास्त्रज्ञांनी बालगुन्हेगारांच्या कोर्टातल्या नोंदी काढून त्यांचे पत्ते शहराच्या नकाशावर मांडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९३० च्या दशकापर्यंतच्या नोंदी. दिसलं असं की कारखान्यांना लागून असलेल्या, भाडेकरू सारखे बदलणाऱ्या वस्त्यांत गुन्हे जास्त. मग जर्मन गेले, इटालियन आले, तेही बस्तान बसल्यावर निघून गेले, तरी त्या वस्तीचा आकडा चढाच राहिला. आणि तिथून बाहेर पडलेल्यांची मुलं नव्या ठिकाणी इतरांसारखीच झाली. दोष कोणत्या जमातीत असता तर तो त्यांच्यासोबत सामानातून गेला असता.

सामाजिक विघटन म्हणतात ते हेच. माणसं बिघडतात असं त्यात कोणी म्हणत नाही. एकत्र राहणाऱ्यांचे नियम एकमेकांवर चालेनासे होतात, एवढंच. गरिबी, सतत बदलणारे रहिवासी आणि आपसात बोलणं नसणं, ही तीन कारणं त्यांनी धरली होती. आपल्या टॉवरांत पहिलं नाही, पण दुसरं आणि तिसरं भरपूर आहे.

भूमिपुत्र म्हणतायत त्यावर एक. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूर्कहेमने १८९७ मध्ये मांडलं होतं की मंदीत जसा माणसाचा तोल जातो तसा अचानक आलेल्या भरभराटीतही जातो, कारण किती मिळालं की पुरे, हे ठरवणारी जुनी मोजपट्टी निकामी होते. साडेबारा टक्क्यांच्या पैशाबद्दल तुम्ही लिहिलंत ते त्याने फ्रान्समध्ये बसून आत्महत्यांच्या आकड्यांत पाहिलं होतं.

सडेतोड_ठाणेकर
शिकागो शिकागोच्या जागी. इथे येऊन बघा.

मास्तरीणबाई
कळव्यात राहते. रोज बघते.

आठ_बारा_स्लो
खिडकी नाही मिळाली, दारात उभा राहून लिहितोय.

सगळे म्हणताय शिस्त गेली. मग लोकलचं काय? ठाण्याला डब्यात पाय ठेवायला जागा नसते. टीसी नाही, पोलीस नाही, कोणी कोणाचं नाव जाणत नाही. तरी तीनच्या बाकावर चौथी सीट द्यायचीच, हा नियम. बॅग वर द्यायची, मधले लोक हातोहात रॅकवर पोचवतात. "कुठे उतरणार?" असं बसलेल्याला एकाने विचारलं की ती सीट त्याची झाली. मागून आलेला कितीही दांडगा असला तरी उतरणारा उठल्यावर आधी बोललेल्याकडे बघतो. दाराशी "घाटकोपर उतरणार?" विचारत सगळे आपापल्या क्रमाने लागतात. काल एकाने चौथ्या सीटला पाय पसरले तर समोरचा काही बोलला नाही, नुसता त्याच्या गुडघ्याकडे बघत राहिला. दोन स्टेशनांत पाय आत.

आणि हीच माणसं संध्याकाळी स्टेशनच्या पार्किंगमधून गाडी काढतात आणि उलट्या बाजूने घरी जातात. हे कसं, सांगा.

चक्रम
कारण बाईकला चौथी सीट नाही.

खाकीची_लेक
आठ_बारा, वा! उत्तराचा प्रयत्न करते. डब्यात उद्या परत तीच तोंडं दिसणार असतात. नाव माहीत नसतं पण चेहरा माहीत असतो. नियम मोडला तर त्याचं फळ तिथल्या तिथे. रस्त्यावर हेल्मेट असतं, काच वर असते, तोंड परत दिसायचं नसतं.

माझे वडील ठाणे पोलीस आयुक्तालयात होते. ते नेहमी भिवंडीचं सांगायचे. तिथे १९७० ला आणि १९८४ ला मोठ्या दंगली झालेल्या. १९८८ च्या सुमारास तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. गल्लीगल्लीतली दोन्ही समाजांची साधी माणसं, पानवाला, यंत्रमागाचा कामगार, मास्तर, आणि त्या भागाचा हवालदार, ठरावीक दिवशी एकत्र बसायचे. विषय बहुतेक नळाचा, गटाराचा, पोरांच्या मारामारीचा. लोक चेष्टा करायचे की पोलीस गटारं बघायला लागले. मग डिसेंबर १९९२ आला. मुंबई पेटली, जानेवारीत परत पेटली, आणि ज्या भिवंडीची सगळ्यांना धास्ती होती ती शांत राहिली. अफवा आली की लोक पलीकडच्या गल्लीत ओळखीच्या माणसाला विचारून येऊ शकत होते. ती ओळख आधी गटारावरून झालेली होती.

म्हणून घोडबंदरी, तुमच्या 'पोलिसांमुळे नाही' याला माझा अर्धाच होकार. ओळख करून द्यायला तिथे पोलीसच पुढे झाले होते.

नौपाडेकर_जुना
हे माहीत नव्हतं. धन्यवाद ताई.

किसननगर_तीन_नंबर
पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या बिल्डिंगला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही, लिफ्ट नाही, दोन इमारतींच्या मधून हात घातला तर समोरच्या खिडकीला लागतो. कागदावर आम्ही अनधिकृत. पण रात्री दोनला आईच्या छातीत दुखलं तेव्हा खुर्चीत बसवून चार मजले खाली आणायला पोरं उभी होती, कोणाला उठवायला जावं लागलं नाही. पाण्याच्या वेळेवरून आमच्याकडे रोज भांडण होतं. रोज भांडायचं म्हणजे रोज बोलायचं.

म्हणून अनधिकृत चांगलं, असं कोणी समजू नका. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याला लकी कंपाउंडची इमारत पडली, ७४ माणसं गेली. त्या रात्रीनंतर आमच्या खोलीचा पिलर मी रोज बघतो. घर पक्कं हवंच. आता इथे क्लस्टर, म्हणजे सगळ्या वस्तीचा एकत्र पुनर्विकास होतोय, आनंद आहे. धास्ती एकच. टॉवरमध्ये लॉटरीने घर लागलं तर शेजारचे गायकवाड सोळाव्या मजल्यावर आणि आम्ही दुसऱ्या विंगमध्ये. मग खुर्ची उचलायला कोण येणार? योजनेत चौरस फूट लिहिलेले असतात, गायकवाड लिहिलेले नसतात.

मैत्रेयी_कोलशेत
तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. लिहीत राहा.

मास्तरीणबाई
किसननगर, तुम्ही जे मांडलंत ते शिकागोतच नंतर मोजलं गेलं. १९९५ मध्ये ८,७८२ रहिवाशांना विचारलं होतं: मुलं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असतील, भिंत रंगवत असतील, घरासमोर मारामारी चालू असेल, तर तुमच्यातलं कोणी मध्ये पडेल का? आणि शेजाऱ्यांवर विश्वास आहे का? जिथे 'हो' जास्त, तिथे हिंसाचार कमी. वस्ती गरीब आहे हे हिशेबात धरूनसुद्धा. घोडबंदरींचा प्रश्न जसाच्या तसा! फक्त त्यात विश्वास जोडलेला होता. मैत्रेयींच्या गल्लीतल्या काकांकडे हटकणं होतं, मुलींचा त्यांच्यावर विश्वास नव्हता.

नाइलाजाने_सेक्रेटरी
आता माझं ऐका. टॉवर, चार विंग, घोडबंदर रोड.

वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी लावली, ग्रुपवर टाकली, लिफ्टमध्ये चिकटवली. क्लबहाऊसमध्ये भाड्याच्या खुर्च्या मांडल्या. उपविधीप्रमाणे कोरम, म्हणजे किमान हजेरी, दोन तृतीयांश किंवा २० सभासद, जे कमी असेल ते. म्हणजे आमच्या आख्ख्या कॉम्प्लेक्सातून वीस माणसं हवी. साडेदहाला हजर कोण? कमिटी, तीन आजोबा, आणि पार्किंगवरून माझ्याशी भांडायला आलेले एक जोडपं. सभा तहकूब. अर्ध्या तासाने तीच सभा कोरमशिवाय घेता येते, म्हणून दरवर्षी आम्ही अर्धा तास एकमेकांकडे बघत सामोसे खातो. मग विषय क्रमांक एक, मागील इतिवृत्त कायम करणे. हिशेबाला कोणाचा आक्षेप नाही, कारण वाचलेलाच नसतो. पार्किंगला सव्वा तास.

आणि संध्याकाळी ग्रुपवर शंभर मेसेज, 'हा निर्णय आम्हाला न विचारता कसा घेतला?'

आमच्याकडे निम्मे फ्लॅट भाड्याने. दर अकरा महिन्यांनी मूव्हर्सचा टेम्पो. नव्या माणसाची पहिली भेट मी एनओसीच्या कागदावर सही करताना, दुसरी तो जाताना. त्याच्या मुलाने लिफ्टची बटणं लायटरने जाळली तर मी कोणाला हटकू? सीसीटीव्ही लावले. फुटेज मिळालं, पोराचं तोंड स्पष्ट, आणि ते कोणत्या फ्लॅटचं हे कमिटीत एकालाही सांगता येईना.

इथेतिथे
शेवटचं वाक्य बेक्कार आहे, हसू की रडू.

चक्रम
फुटेज घेऊन घणसोलीला जा. "कोनाचा रं तू" विचारणारे आजोबा अजून असतील.

घणसोलीचा_भूमिपुत्र
आहेत. पण दिसत नाही त्यांना आता, मोतीबिंदू.

रस्ते_आणि_खडी
धागा भरकटायच्या आत मूळ रस्त्यावर येतो. पेशाने सिव्हिल. घोडबंदरी, तुमच्या त्या उलट्या येणाऱ्यांना घरी जायला सरळ मार्ग किती लांब पडतो ते मोजलंय? दुभाजकातली जवळची फट बंद झाली की यू-टर्न पुढच्या जंक्शनला. त्यात हायवे, मेट्रोचं काम, कंटेनर. दोन मिनिटांच्या अंतरासाठी वीस मिनिटं. तेव्हा पहिला माणूस नाइलाजाने उलटा येतो. दुसरा त्याला बघून. दहावा येतो तेव्हा त्याला ती उलटी बाजू वाटतच नाही.

हॉलंडमध्ये ग्रोनिंगेन शहरात २००८ मध्ये छापून आलेला प्रयोग आहे. गल्लीत लावलेल्या सायकलींच्या हँडलला जाहिरातीचं पत्रक अडकवलं. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी पत्रक रस्त्यावर टाकलं. भिंतीवर रेघोट्या मारल्या तेव्हा ६९ टक्क्यांनी. माणसं त्याच शहरातली, कोणी हटकायला नव्हतं. तेव्हा सगळा भार हटकण्यावर टाकू नका. फट नीट जागी ठेवा, निम्मे सरळ येतील.

मैत्रेयी_कोलशेत
हे पटतं, पण लिफ्टमधल्या थुंकण्याला कुठला यू-टर्न लांब पडतो?

रस्ते_आणि_खडी
तिथे निरुत्तर.

वाशी_सेक्टर_नऊ
आमच्याकडे सेक्टर आखीव, फूटपाथ आहेत, नकाशा सुरेख. तरी फूटपाथवरून बाईक. आणि पलीकडे कोपरखैरण्यात माथाडींच्या घरांत, जिथे एवढ्याशा खोल्यांवर मजले चढलेत, तिथे गल्लीतून कोणी जोरात गाडी नेऊन दाखवा. खडी साहेब, आखणीने निम्मं, तुमचंच वाक्य. उरलेल्या निम्म्याचा हा धागा आहे.

घोडबंदरी
एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, सडेतोड यांचेही, त्यांच्यामुळे मास्तरीणबाई लिहित्या झाल्या.

मैत्रेयींचा मुद्दा मला पूर्ण मान्य होत नाही. वाईट हटकणारे होते म्हणून हटकणंच टाकून दिलं, तर मैदान ज्याचा आवाज मोठा त्याचं. पण खाकीच्या लेकीने सांगितलेलं भिवंडीचं डोक्यात बसलंय. अनोळखी माणसाला थेट हटकायला गेलं की भांडणच होतं, हे रोज बघतोय. आमच्या गेटवर जे डिलिव्हरीवाले उलटे येतात ते रोजचेच आहेत, वॉचमनला त्यांची नावं माहीत आहेत. मला नाहीत. तिथून सुरुवात करून बघेन, दंडाच्या पाटीपेक्षा.

सेक्रेटरीसाहेब, एक तांत्रिक प्रश्न. भाडेकरूंना सभेला बोलावता येतं का?

मैत्रेयी_कोलशेत
मान्य करू नका, फक्त पुढच्या वेळी कोणाला हटकलंत त्याची यादी टाका. त्यात मुलींना किती आणि डंपरवाल्यांना किती, बघू.

नाइलाजाने_सेक्रेटरी
ते सभासद नाहीत, त्यामुळे मत नाही, कोरममध्ये धरता येत नाहीत. पण सभा तहकूब असते तो अर्धा तास कोणाच्याच मालकीचा नसतो. यंदा तेव्हाच बोलावतोय. लिफ्टमध्ये वेगळी नोटीस लावली आहे, फ्लॅट नंबर आणि मुलांची नावं लिहायला कोरा कागदही सोबत.

चक्रम
सामोसे वाढवा. मी भाडेकरू म्हणून येतो.

नाइलाजाने_सेक्रेटरी
भाडेकरार आणि पोलीस व्हेरिफिकेशन घेऊन या.